पोरगं ऐकतच नाही, काय करू?



आज एका पत्रानंच सुरुवात करते. पत्र राधानगरीहून आलंय. लिहिणारीनं नाव छापू नका असं बजावलंय, तेव्हा नाव सांगत नाही. पण पत्र वाचताना तुमच्यापैकी निम्म्या जणींना वाटेल, 'अगंबाई, हे तर आमच्याच घरातलं!'

ती लिहिते, "ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सकाळी उठल्यापासून 'नाही' शिवाय दुसरा शब्द त्याच्या तोंडात नाही. अंघोळ म्हटलं की नाही, जेवण म्हटलं की नाही. मनासारखं झालं नाही की जमिनीवर अंग टाकतो, लाथा झाडतो, हाताला लागेल ते फेकतो. सासूबाई म्हणतात, 'लाडानं पोराला डोक्यावर चढवून ठिवलंयस. आमी सहा सहा पोरं वाढवली, एकानं असं तोंड वर करून बोललं न्हाई.' हे म्हणतात, दोन ठेवून दिल्या की सुतासारखा सरळ होईल. मागच्या बाजारात त्यानं गाडीसाठी असा दंगा केला, की भर पावसात, भर चिखलात आडवा झाला. एका हातात छत्री, एका हातात भाजीची पिशवी, आणि सगळा बाजार माझ्याकडं बघतोय. घरी आणून मी त्याच्या पाठीत इतके धपाटे घातले की पाचही बोटं उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला तेल लावायला म्हणून हात वर केला, तर त्यानं डोळे मिटून मान चुकवली. ताई, तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही."

पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. बाजारातला तमाशा प्रत्येक आईच्या वाट्याला कधी ना कधी येतो. पण तेल लावायला उचललेल्या हाताला लेकरानं भ्यावं, हे मनाला लागतं. म्हणून आज त्या मानेबद्दलच बोलू. ती मान पुन्हा विश्वासानं आपल्या हाताखाली यायला हवी आणि पोरालाही वळण लागायला हवं. ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात.

हा हट्ट येतो कुठून?

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. दोन ते चार या वयात मुलानं 'नाही' म्हणणं हा काही रोग नव्हे, की तुमच्या संस्कारांची हार नव्हे. वर्षाचं होईपर्यंत मूल आपल्या कडेवरून जग बघतं. मग पाय फुटतात, बोलू लागतं, आणि त्याला पहिल्यांदा उमगतं की 'मी' म्हणून कुणीतरी वेगळा आहे. आईला नको असलेलं मला हवं असू शकतं, हा शोध त्याला इतका नवा आणि इतका मोठा वाटतो, की तो दिवसातून पन्नास वेळा खरा करून बघतो. भूक असूनही 'जेवायचं नाही' म्हणतो, ते त्यामुळंच.

दुसरं कारण भाषेचं. मनात असतं डोंगराएवढं आणि शब्द असतात मूठभर. 'मला ती गाडी बघायची होती आणि तू मला ओढत पुढं नेलंस, याचा मला राग आला' हे वाक्य साडेतीन वर्षांच्या मुलाकडं कुठून असणार? मग ते वाक्य हातापायांनी बोललं जातं.

आणि तिसरं कारण डोक्यातलं. राग, भीती ही जन्मापासून असते. पण तिला लगाम घालणारा, विचार करून थांबणारा मेंदूचा जो पुढचा भाग असतो, तो हळूहळू वाढतो, अगदी पंचविशीपर्यंत. म्हणजे ज्याचा लगाम अजून तयारच झालेला नाही, त्याला आपण 'आवर स्वतःला' म्हणून दटावतो. तो आवरणार कशानं?

राधानगरीच्या बाईंना मी त्यांच्याच गावचं उदाहरण देईन. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं तुमचं धरण. त्याच्या सात दरवाजांची गंमत सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याला ठाऊक आहे. ते माणसानं उघडायचे नसतात. पाणी ठराविक पातळीला चढलं की पाण्याच्या जोरानं ते आपोआप उघडतात, आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. तुमच्या पोराचं सध्या तसंच आहे. पातळी चढली की दरवाजा उघडणारच. उघडल्या दरवाजाला काठीनं बडवून पाणी थांबत नाही. आपल्या हातात काय असतं? पाणी कशानं चढतंय ते बघणं, आणि दरवाजा उघडलाच तर खालच्या अंगाला कुणी वाहून जाणार नाही याची काळजी घेणं. आता ही दोन्ही कामं नीट समजून घेऊ.

आठ दिवस एक वही

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात फ्लोरेन्स गुडइनफ नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९३१ साली लहान मुलांच्या रागावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांनी काय केलं? ४५ मुलांच्या आयांच्या हातात वही दिली आणि सांगितलं, मूल रागावलं की लिहून ठेवा: कधी, कुठं, कशावरून, किती वेळ, तुम्ही काय केलंत. असे अठराशेहून जास्त राग त्यांच्याकडं लिहून आले! त्यातून दिसलं की जेवणाच्या आधीच्या वेळेला राग जास्त उसळतो. सर्दी-पडसं, पोट बिघडणं अशी किरकोळ दुखणी असली तरी तो वाढतो. आणि बरेचसे राग पाच मिनिटांच्या आत संपतात.

तुम्हीही ही वही आठ दिवस ठेवाच. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलंत तरी चालेल. आठ दिवसांनी बघा, तुम्हाला स्वतःलाच नवल वाटेल. 'दिवसभर रडतो' असं जे वाटत होतं, ते खरं तर दुपारी बाराला, संध्याकाळी सातला आणि पाहुणे आल्यावर, असं निघतं. आता पत्रातला प्रसंगच घ्या. बाजाराला निघाल्या कधी? बहुधा दुपारचं झोपायचं टळलं असेल, पोटात सकाळची चहा-बिस्किटं असतील. त्यात चार महिने राधानगरीचा पाऊस! अंगणात जाता येत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, चार भिंतींत कोंडलेलं मूल. मग पहिल्यांदा बाहेर पडतं ते गर्दीत आणि चिखलात. पातळी आधीच काठोकाठ होती. गाडी ही शेवटची सर.

तेव्हा पाणी चढू नये म्हणून काय करायचं ते सांगते.

बाजाराला न्यायचं तर पोट भरून न्या. दूध-भाकरी, एखादा शेंगदाण्याचा लाडू, काहीही, पण भरून. पिशवीत चुरमुऱ्याची पुडी असू द्या. निघण्यापूर्वीच सांगा, "आज आपण कांदे, बटाटे आणि कोथिंबीर घ्यायची. गाडी घ्यायची नाही, बघायची. कोथिंबीर तू धरायची." मुलाला आधी सांगितलेलं सोसतं, अचानक झालेलं सोसत नाही.

झोपेकडं लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून १० ते १३ तास झोप हवी. आपल्याकडं रात्री साडेदहा-अकरापर्यंत मालिका चालू आणि सकाळी सातला अंगणवाडीची घाई. मग ते चिडणार नाही तर काय करणार?

खेळ मोडताना पूर्वसूचना द्या. घड्याळ त्याला कळत नाही, पण कुकर कळतो. "कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की खेळ उचलायचा." शिट्टी झाली म्हणजे झालीच. तिथं वाद आईशी नाही, कुकरशी! माझ्या ओळखीच्या एका घरात या युक्तीनं अर्धी भांडणं मिटली.

आणि जिथं चालेल तिथं त्याला थोडं राज्य करू द्या. 'अंघोळ करतोस का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'नाही' हे ठरलेलंच. "आधी डोक्यावर पाणी घ्यायचं की पायावर?" "लाल बनियन की निळा?" अंघोळ तर होणारच आहे, पण निवड त्याची. मात्र दोनच पर्याय द्या, दहा दिले की गोंधळ.

हातांना काम

आपल्याकडं ताराबाई मोडक आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ यांनी या वयाच्या मुलांसाठी आयुष्य वेचलं. ताराबाईंनी आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालमंदिरात काम केलं, मग १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षण केंद्र काढलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज आपण सहज 'अंगणवाडी' म्हणतो, तो शब्द अशा कामातून आला आहे. १९७५ मध्ये सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तो देशभर गेला.

या बायकांचं म्हणणं काय होतं? मूल खोड्या करतं, कारण त्याच्या हातांना खरं काम नसतं. खोटी खेळणी त्याला दोन दिवसांत पुरे होतात. आई करते ते त्याला करायचं असतं. मादाम माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालगृह काढलं, तिथंही पाणी ओतणं, पुसणं, घड्या घालणं अशीच कामं होती.

पावसाळ्यात घरात कोंडलेल्या मुलासाठी याहून चांगला उपाय नाही. परातीत ओंजळभर तांदूळ आणि मूठभर तूर एकत्र करून द्या, निवडू दे. वाटाणे सोलू दे. छोट्या तांब्यानं भांड्यात पाणी ओतू दे, सांडलं तर फडकं त्याच्याच हाती द्या. कणकेचा गोळा द्या. घरच्या सगळ्यांची ताटं मांडायचं काम त्याचं, असं ठरवून टाका. काम तुमच्या दुप्पट वेळाचं होईल, हे मान्य. पण तेवढाच वेळ रडं काढण्यात जाणार होता ना?

दरवाजा उघडलाच तर

एवढं करूनही राग येणारच. तेव्हा काय करायचं?

आधी त्याला लागेल अशी वस्तू बाजूला करा. रस्त्यावर असाल तर उचलून कडेला, कुणाच्या ओट्यावर घ्या. मग त्याच्या शेजारी खाली बसा. उभं राहून वरून ओरडलेलं त्याला फक्त मोठं आणि भीतीदायक दिसतं. आवाज त्याच्याहून खाली ठेवा. शब्द अगदी थोडे वापरा. "तुला गाडी हवी होती. राग आला. मी इथंच आहे." बस्स. त्या वेळेला उपदेश नको, 'बघ, तो दादा कसा शहाणा आहे' नको, वाद नको. पूर आलेला असताना पोहायचे धडे देऊन उपयोग नसतो.

मारायला, चावायला आला तर? हात धरा, पण आवळू नका. "मारू देणार नाही. हात धरते." राग येण्याला बंदी नाही, मारण्याला आहे. हा फरक त्याला रोजच्या रोज कळायला हवा.

आणि गाडी? गाडी द्यायची नाही. हे सगळ्यांत महत्त्वाचं. आपण काय करतो, नऊ वेळा 'नाही' म्हणतो आणि दहाव्या वेळी लोक बघतात म्हणून देऊन टाकतो. त्यातून पोरगं काय शिकतं? 'आईच्या नाहीला अर्थ नाही, दहादा रडावं लागतं.' लॉटरी लागत नाही तरी माणूस तिकीट घेत राहतो, कारण एकदा कधीतरी लागलेली असते. तसंच हे. म्हणून द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीला हसून द्या. एकदा नाही म्हटलंत तर मग आकाश कोसळलं तरी नाहीच. पण याचसाठी 'नाही' जपून वापरा. दिवसाला वही काढून मोजलं तर आपण शंभरदा नाही म्हणतो. त्यातले नव्वद उगीचचे असतात. विस्तव, विहीर, रस्ता, दुसऱ्याला मारणं, यांना पक्कं नाही. चड्डी उलटी घातली, भाकरी दुधात न बुडवता खाल्ली, यांना कशाला?

अलीकडं म्हणजे २००३ मध्ये पॉटेगल आणि डेव्हिडसन या संशोधकांनी मुलांच्या अशा आकांडतांडवाचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की चारातली तीन तांडवं पाच मिनिटांत संपतात. आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्या फार कामाची आहे. राग सुरुवातीलाच शिगेला पोचतो आणि ओसरत जातो. दुःख मात्र सगळा वेळ असतं आणि राग ओसरल्यावर तेवढंच उरतं. म्हणजे लाथा झाडणं थांबून जेव्हा हुंदके सुरू होतात, तेव्हा तुमचं मूल भांडत नसतं, ते तुम्हाला शोधत असतं. नेमकं त्याच वेळेला आपण तोंड फिरवून म्हणतो, 'आता कशाला येतोस माझ्याकडं?' मैत्रिणींनो, त्या वेळेला मांडी द्या. मांडी दिल्यानं लाड होत नाहीत. मागितलेली गाडी दिल्यानं होतात.

मग पाणी पाजा, तोंड पुसा आणि शांतपणे एका वाक्यात सांगा, "राग आला की मला सांगायचं, 'आई, मला राग आला.'" फेकलेली वस्तू दोघांनी मिळून उचला. विषय संपला. संध्याकाळी बाबांपुढं, शेजारणीपुढं पुन्हा तो काढायचा नाही.

गवा आणि मोबाइल

दोन सोप्या वाटा आपल्याला मोहात पाडतात.

पहिली भीतीची. कुठं बागुलबुवा, कुठं पोलीस, कुठं सुईवाला डॉक्टर. तुमच्याकडं तर दाजीपूरचं जंगल, १९५८ पासूनचं गव्यांचं अभयारण्य. तेव्हा 'गप्प बस, नाहीतर गवा येईल' हे ठरलेलं. मूल गप्प बसतं, हे खरं. पण रात्री अंथरुणात तो गवा पुन्हा येतो. मूल दचकून उठतं, अंथरूण ओलं करतं, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी जास्त चिडतं. शिवाय गवा कधी येत नाही, हे वर्षभरात त्याला कळतंच. मग आईचं बोलणं खोटं असतं, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

दुसरी वाट आजची, मोबाइलची. रडला, दे मोबाइल. जेवत नाही, लाव गाणं. दोन मिनिटांत घर शांत! मीही नातवंडांच्या बाबतीत हा मोह अनुभवलाय. पण अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ आईबापांना बरोबर घेऊन केलेला एक अभ्यास २०२२ च्या अखेरीला प्रसिद्ध झाला. मूल शांत करायला वरचेवर मोबाइल देणाऱ्या घरात पुढच्या महिन्यांत मुलांचा चिडचिडेपणा वाढलेला दिसला, विशेषतः मुलग्यांचा. कारण सरळ आहे. राग स्वतः उतरवायचा सराव व्हायच्या आतच आपण त्यावर पडदा टाकतो. जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला फार तर एक तास म्हणते, कमी तेवढं चांगलं. तो तास ठरलेल्या वेळी द्या. रडण्याचं बक्षीस म्हणून नको.

सासूबाई आणि 'हे'

आता खरी अवघड गाठ. आईनं नाही म्हणायचं आणि आजीनं पदराआडून गोळी द्यायची, मग वडिलांनी येऊन दोन ठेवून द्यायच्या. बिचाऱ्या पोरानं कुणाचं खरं मानायचं?

सासूबाईंशी भांडून हे सुटणार नाही. त्यांनी सहा मुलं वाढवलीत, हे खोटं नाही. पण त्या वेळी घरात चुलत्या होत्या, शेत होतं, गोठा होता, पोरं दिवसभर अंगणात असायची. रडायला त्यांना दहा मांड्या होत्या. आज तेच पोर दोन खोल्यांत आणि एका आईच्या गळ्यात. पोरं शांत असताना, दुपारी चहा घेताना बोला. "आत्ती, तुमचं त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त चालतं. मी नाही म्हटलं की तेवढं तुम्ही नाहीच म्हणा. बाकी गोष्ट सांगणं, जेवण भरवणं तुमच्याकडं." त्यांना अधिकार द्या, मदत मागा. टीका केली की माणूस अडून बसतं, साडेतीन वर्षांचं असो नाहीतर पासष्टचं.

आणि यजमानांना एवढंच सांगा: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. जे मास्तरांना मना आहे, ते आपण घरात त्याच्या निम्म्या वयाच्या पोराला का करावं? माराचा धाक मारणारा समोर असेपर्यंतच टिकतो. पुढं मूल खोटं बोलायला शिकतं, आणि आपल्याहून लहानाला मारायला शिकतं. तुमच्या यजमानांनी रोज पंधरा मिनिटं मुलाला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत फेरी मारली, तर ती दोन थपडांपेक्षा जास्त काम करील. करून बघा म्हणावं.

आणि आईचा राग?

आता त्या सकाळच्या मानेकडं येते.

बाई, तुम्ही एकट्या नाही. माझी थोरली चार वर्षांची होती, तेव्हा एकदा मी तिला न्हाणीघरात कोंडून बाहेरून कडी लावली होती. दोन-तीन मिनिटंच. पण कडी काढली तेव्हा ती रडत नव्हती. भिंतीला टेकून गप्प उभी होती. ती गप्प होती, याचंच मला भय वाटलं. आज ती स्वतः आई आहे. तिला ते आठवत नाही म्हणते. मला आठवतं.

त्या रात्री मी तिची माफी मागितली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, पोरांची कुणी माफी मागतं होय? पण मागावी. तुम्हीही मागा. फार मोठं बोलायचं नाही. "परवा आईला फार राग आला आणि आईनं मारलं. ते चुकलं. आता आई मारणार नाही." एवढंच. आणि लगेच गळ्यात पडेल असं नाही, वाट बघा. पुन्हा तेल लावताना आधी हात त्याच्यापुढं धरा, तेलाचे दोन थेंब त्याच्या तळहातावर द्या, त्याला तुमच्या डोक्याला लावू द्या. मग विचारा, "आता मी लावू?" हो म्हणेल त्या दिवशी लावा. एकदोन दिवस डोकं कोरडं राहिलं तर काही बिघडत नाही.

तुमचीही पातळी चढते, ती कशानं, हेसुद्धा वहीत लिहा. झोप झाली नाही, दुपारचं जेवण तीनला, महिन्याचे ते दिवस, कुणाचा टोमणा. हात उचलावासा वाटला की मूल सुरक्षित जागी आहे ना बघा, 'मी पाणी पिऊन येते' म्हणा आणि खरंच स्वयंपाकघरात जाऊन घोट घोट पाणी प्या. रोजच रडू येत असेल, कशात मन लागत नसेल, तर ते अंगावर काढू नका. सरकारची 'टेलिमानस' ही मनाच्या तक्रारींसाठीची फोनसेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

बहुतेक मुलांचा हा काळ चार-पाच वर्षांपर्यंत ओसरतो. पण पुढची लक्षणं दिसली तर घरगुती उपायांवर थांबू नका. तांडव वरचेवर वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढं जातं, दिवसातून बरेचदा येतं, मूल स्वतःचं डोकं आपटून घेतं किंवा स्वतःला चावतं, मधल्या वेळातही हसत-खेळत नाही. बोलणं वयाच्या मानानं फार कमी आहे, हाक मारली तर बघत नाही. अशा वेळी कान तपासणं फार गरजेचं असतं. ऐकू कमी येणारं मूल कितीतरी घरांत 'हट्टी' म्हणून मार खातं.

काही मुलं रडता रडता श्वास कोंडतात, निळी पडतात, क्षणभर शुद्ध हरपते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण मूल आपोआप श्वास घेतं. तोंडावर पाणी मारू नका, गदागदा हलवू नका, कुशीवर निजवा आणि नंतर डॉक्टरांना दाखवाच. यातल्या बऱ्याच मुलांच्या रक्तात लोह कमी असतं आणि औषधानं हा त्रास कमी होतो. पहिल्यांदा असं झालं तर फेफरं नाही ना, हेही डॉक्टरच सांगतील.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. पथक कधी येणार ते सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी मनातली शंका स्पष्ट सांगा.

राधानगरीच्या बाईंना शेवटचं सांगणं. पुढच्या बाजाराला त्याला घेऊन जा. घाबरू नका. पोट भरून, झोप काढून, कोथिंबीर त्याच्या हातात देऊन. गाडीच्या दुकानापुढं मुद्दाम दोन मिनिटं थांबा, त्याला मनसोक्त बघू द्या. पुन्हा आडवा झालाच, तर भाजीची पिशवी खाली ठेवा, छत्री दोघांवर धरा आणि त्याच्याजवळ बसा. बाजार बघतोय तर बघू दे. त्यातल्या निम्म्या बायका मनात म्हणत असतील, आमचंही असंच होतं.

आणि आठ दिवसांची वही झाली की मला लिहून कळवा. ती मान अजून चुकवतो का, तेही लिहा. बाकीच्या मैत्रिणींनी आपापल्या घरच्या युक्त्या पाठवल्या तर पुढच्या वेळी त्याही इथं देईन. कुकरच्या शिट्टीसारखी एखादी तुमच्याकडं नक्की असणार.

तुमची,
ताई